नजीरचाचा आणि तारखेचा खुंटा

नजीरचाचांना 'केव्हा' विचारायची सोय नाही. तुम्ही केव्हा विचारता, ते कशानंतर ते सांगतात.

"चाचा, चहा केव्हा घेणार?"

"दूध तापल्यावर."

"देऊळगावची गाडी केव्हा आहे?"

"कंडक्टरचं जेवण झाल्यावर."

"अन् तुम्ही घरी केव्हा बसणार? वय झालं आता."

"माह्या खुर्चीवर दुसरा कोणी बसल्यावर."

यातलं एकही उत्तर खोटं नसतं आणि एकही उत्तर विचारणाऱ्याच्या कामाचं नसतं. बरं, मनगटावर घड्याळ आहे. चांगलं चालतं. मी एकदा चिडून विचारलंच की मग हे कायले बांधलं? म्हणाले, "नमाजसाठी. थे टाइम वरून ठरून येते, तिथं माह्यं काही चालत नाही."

बाकी सगळीकडे मात्र त्यांचं चालतं, कारण त्यांचा धंदाच तो. नजीरचाचा मूळचे देऊळगाव राजाचे, साठी ओलांडलेले, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एका ठेकेदाराकडे ते प्लॅनर आहेत. म्हणजे बांधकामातलं कोणतं काम कोणत्या कामानंतर सुरू होईल, हे कॉम्प्युटरवर मांडायचं. पडद्यावर डावीकडे कामांची यादी, उजवीकडे प्रत्येक कामाची एक निळी पट्टी, आणि एका पट्टीच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत बाण. त्या बाणांना चाचा दोर म्हणतात. आयुष्यभर हा माणूस दोर बांधत आला.

आणि मी पत्रकं लिहिते. चिखलीला छापून आणते, उंद्री-अमडापूरच्या बाजारात वाटते. माझं एकही पत्रक 'अन्यथा' या शब्दाशिवाय संपलेलं नाही. पत्रकाला तारीख लागते. अमुक तारखेपर्यंत करा, अन्यथा. तारीख नसेल तर अन्यथा लावायचं कुठे? तेव्हा आमचं दोघांचं जमणं शक्य नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आमची वस्ती उंद्रीपासून आत, टेकाडावर. तिथे एक पाण्याची टाकी आधीपासून आहे. उभी आहे, एवढंच. बारा वर्षांपूर्वी मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली, पहिल्याच उन्हाळ्यात ती बुडातून पाझरू लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून तिच्यात पाणी चढवणंच बंद झालं. तेव्हापासून वस्तीतल्या बाया खालच्या विहिरीवर जातात. विहीर खाली, घरं वर. रिकामा हंडा उतरतो आणि भरलेला चढतो. ज्याने इथे पहिलं घर बांधलं, त्याने जन्मात कधी पाणी भरलं नसणार. सगळ्यात वर, शेवटचं घर काशीबाईचं. सत्तरीची बाई, एकटी राहते, दोन्ही गुडघे गेलेले, तरी दिवसाला तीन खेपा. तिसऱ्या खेपेला ती मधल्या दगडावर बसते आणि ती जुनी टाकी बांधणाऱ्याला शिव्या देते. त्या इथे छापता येत नाहीत, आणि छापता आल्या असत्या तर मला पत्रकं लिहायची गरजच पडली नसती.

आम्ही पाणी समिती काढली. निवेदनं, धरणं, पंचायत समितीसमोर रिकामे हंडे. शेवटी नवीन टाकी मंजूर झाली. ठेकेदार तोच, जुन्या टाकीचा. याला आपल्याकडे अनुभव म्हणतात.

मंजुरी येऊन दोन महिने झाले तरी कुदळ पडेना. मी सहा बायांना घेऊन ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीत घुसले. शेठ नव्हते. टेबलावर एक जुना लॅपटॉप, त्याच्यामागे नजीरचाचा.

"काम केव्हा सुरू होणार?" मी टेबलावर हात आपटला.

"खड्डा आखल्यावर."

"खड्डा केव्हा आखणार?"

"जागा मोकळी झाल्यावर."

"जागा केव्हा मोकळी होणार?"

"उकिरडा हलल्यावर."

"मग हलवा ना! कोणाचा उकिरडा आहे एवढा?"

चाचांनी चष्मा सारखा केला, पडदा माझ्याकडे वळवला आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: 'शेणखताचा ढीग उचलणे', आणि पुढे माझ्या सख्ख्या काकाचं नाव.

मागे उभ्या असलेल्या बाया हसल्या. माझ्याच बाया!

"तिसऱ्यांदा कागद पाठवला तुमच्या काकाले," चाचा म्हणाले. "थे म्हणते, पोरगी आंदोलन करून राह्यली, निकाल लागू द्या. आता तूच सांग पोरी, कोण कोणासाठी थांबून राह्यलं?"

दोन दिवसांत आठ बैलगाड्या खत हललं. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आखणी, चौथ्या दिवशी कुदळ. मी पत्रक काढलं: 'आंदोलनाचा विजय!' उकिरड्याचा उल्लेख जागेअभावी करता आला नाही.

त्यानंतर मी त्या पत्र्याच्या खोलीत रोज जाऊ लागले. लक्ष ठेवायला म्हणून. ठेकेदाराच्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे चळवळीतलं पहिलं पाठ केलेलं वाक्य. चाचा मात्र मला पाहिलं की शेजारची खुर्ची पुसायचे. त्यांच्याकडे यायला दुसरं कोणी नसायचं. मजूर त्यांना घाबरायचे नाहीत, पण कंटाळायचे. मिस्त्रीने "उद्या सेंट्रिंग लावतो" म्हटलं की हे विचारणार, "लोखंड बांधून झालं का?" मिस्त्री म्हणणार, "होईल." मग हे म्हणणार, "मंग उद्या म्हणू नको. लोखंडानंतर म्हण." शेवटी मिस्त्री चहासुद्धा लपून प्यायला लागला.

देऊळगावला त्यांच्या गल्लीतल्या एका लग्नाचं वेळापत्रक त्यांनी कॉम्प्युटरवर केलं होतं, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला ते लग्न तोंडपाठ आहे. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा. चाचांनी यादी केली: वरात येणे, वरातीचा चहा, नवऱ्याच्या मामाचा रुसवा, मामाची समजूत, मग बोहलं. रुसव्याला त्यांनी पाऊण तास दिला होता.

"मामा खरंच रुसला?"

"पन्नास मिनिटं," चाचा म्हणाले. "पाच मिनिटं चुकलो. अजून सलते."

पत्रिका सपशेल आपटली. चाचांच्या कागदावर मात्र लग्न एक पन्नासला लागणार होतं आणि ते एक पंचावन्नला लागलं. आचारी पत्रिका सोडून त्यांचाच कागद बघत होता, म्हणून त्या दिवशी वऱ्हाडाला गरम पुरी मिळाली. आयुष्यातला मोठा विजय ते हाच मानतात.

एका दुपारी त्यांनी मला कामांच्या सुरुवातीचे प्रकार शिकवले. प्रत्येक कामाला विचारायचं की बाबा, तू सुरू कसा होणार? कॉम्प्युटर पर्याय देतो.

"हे पाहा. 'लवकरात लवकर.' हे शहाणं लेकरू. पुढच्यानं वाट सोडली का हे निघालं. सगळ्या कामाले हेच द्यावं." मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "'या तारखेच्या आधी नाही.' हे कधीमधी लागते. पाइपचा ट्रक सोमवारी येणार असंन तर पाइप शुक्रवारी कसे टाकशीन? पण तेवढ्यापुरतंच."

"आणि हे 'जितकं उशिरा जमेल तितकं'?"

"थे सरकारी."

मी खो खो हसले. चाचा हसले नाहीत. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर होतं: 'याच तारखेला.'

"अन् हा खुंटा. जमिनीत मारला का हलत नाही. आधीचं काम झालं नाही तरी हा म्हणते मी आजच सुरू होतो. खुंटा मारू नये पोरी. दोर बांधावा. दोर बांधला का एक हललं तर सगळ्याइले समजते."

"पण चाचा, लोकांना तारीख द्यावी लागते."

"तारीख द्यायची नसते. तारीख निंगते." त्यांनी शेवटची पट्टी दाखवली, 'नळाला पाणी सोडणे'. "आज पाह्यली तर इथं निंगून राह्यली. उद्या पाह्यली तर इकडंतिकडं होईन. जशी हाय तशी सांगाची."

मला ते पटलं नाही. मला ते ठेकेदाराच्या टाळाटाळीचं सुशिक्षित रूप वाटलं. मी तसं पत्रकही काढलं: 'तारीख चोरणारे कोण?' त्याची एक प्रत चाचांच्याच टेबलावर ठेवली. त्यांनी पूर्ण वाचली आणि म्हणाले, "लिखाण चांगलं हाय. 'कोण'नंतर 'अन्यथा' लय लवकर आलं."

टाकी मात्र चढत होती. खांब उभे राहिले, वरचं भांडं ओतलं. मग काँक्रीटला पाणी मारायचे दिवस आले. ओलं गोणपाट गुंडाळून ते सतत भिजत ठेवायचं, नाहीतर भेगा पडतात. टँकर चार दिवस आला आणि बंद पडला. शेठचा माणूस म्हणाला, चार दिवस मारलं, बस झालं. चाचा म्हणाले, "काँक्रीट कोणाले भेत नाही. ना शेठले, ना हिच्या मोर्च्याले. त्याले जेवढे दिवस पाह्यजे तेवढे पाह्यजेच."

आता पाणी आणायचं कुठून? खालच्या विहिरीवरून. आणि कोणी? आम्हीच. हंडे वाहणं बंद व्हावं म्हणून बांधलेल्या टाकीला आम्ही हंडे वाहिले. मी संतापाने पेटले होते, पण काशीबाई एक कळशी घेऊन टेकाड चढताना म्हणाली, "जाऊ दे गं. तान्ह्या लेकराले पाजल्यावानी पाजून राह्यलो. मोठं झालं का पाजीन आपल्याले." एकही दिवस खाडा पडू दिला नाही आम्ही. चाचा खाली उभे राहून प्रत्येक हंड्याला मान हलवायचे, जणू सलामी घेत होते.

मग शेठ उगवले. पांढरे कपडे, हातात निमंत्रणपत्रिकांचा नमुना. मोठ्या पाहुण्यांची वेळ मिळाली होती. तारीख ठरली होती. नेमकी तीच तारीख गेल्या पत्रकात मी मागितली होती.

"घ्या ताई," शेठ मला म्हणाले. "तुमची तारीख. आता खूश?"

मी खूश झाले, हे इथे कबूल करते. वर्षभर जी तारीख मागत होते, ती छापून हातात आली होती.

"चाचा, प्लॅनमध्ये टाका तारीख," शेठ म्हणाले.

"आतलं प्लास्टर राह्यलं. प्लास्टरनंतर टाकी भरून सात दिवस चाचणी. पाझरते का पाहाचं. त्याच्यानंतर पाणी."

"चाचणी मंग करू. आधी पाणी सोडू. पाहुणे सात दिवस उभे राह्यते का टाकीखाली?"

"मी नाही टाकत तारीख."

शेठ गेले. चाचा दुपारच्या नमाजला गेले. लॅपटॉप उघडाच होता. खोलीत मी एकटी, समोर शेवटची ओळ, 'नळाला पाणी सोडणे'. मला सगळं शिकवलेलं होतंच. मी 'याच तारखेला' निवडलं आणि तारीख घातली. कॉम्प्युटरने विचारलं की असं केल्याने आधीच्या कामांशी जोड बिघडू शकते, तरी करायचं का? मी 'हो' दाबलं. पट्टी नेमकी तारखेवर जाऊन बसली. मला वाटलं, वर्षभराचं आंदोलन बसलं.

चाचा परत आले. पडद्याकडे पाहिलं. त्या ओळीपुढे एक बारीक चिन्ह उमटलं होतं, तेवढ्यावरून त्यांना कळलं. कोणी शेळीला काठी मारली असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, "खुंटा कोणं मारला?"

"मी."

ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची पुसून म्हणाले, "बस." मग मागे पडलेल्या प्लास्टरची पट्टी धरून त्यांनी दहा दिवस पुढे ओढली. प्लास्टरला बांधलेली चाचणी आपसूक पुढे सरकली. चाचणीला बांधलेलं पाणी सरकायला हवं होतं. ते जागचं हललं नाही. आता पडद्यावर टाकी भरून तपासायच्या कितीतरी आधी नळाला पाणी सुटलेलं दिसत होतं, आणि पट्टी तितकीच निळी, तितकीच सुंदर.

"हे छापून देलं तर शेठ खूश, पाहुणे खूश, तू बी खूश," चाचा म्हणाले. "अन् कोणाले काही दिसत नाही. खुंटा मोडला असता तर बरं झालं असतं. थो मोडत नाही, म्हणून वाईट."

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. शेठच्या पत्रिकेतली तारीख आणि माझ्या पत्रकातली तारीख एकच आहे, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने दिसलं. चळवळीत असं झालं की समजावं, कोणीतरी चुकतंय. आणि शेठ स्वतःच्या फायद्यात कधी चुकत नाही.

"काढा तो खुंटा," मी म्हणाले.

"तूच काढ. मारता येते त्याले उपटता आला पाह्यजे."

मी काढला. पट्टी सरकत सरकत पुढच्या महिन्यात गेली. तारीख लांबली, पण ती खरी होती.

दुसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं: 'तारीख नको, चाचणी हवी!' छापखानेवाला म्हणाला, ताई, मागच्या वेळी उलटं होतं. मी म्हटलं, मागच्या वेळी मी चुकले होते, तुम्ही छापा. चाचांनी वेळापत्रकाची एक प्रत मला काढून दिली, ती मी पत्रकाच्या मागच्या बाजूला छापली. बाजारात लोकांनी पहिल्यांदाच माझं पत्रक उलटून वाचलं.

शेठने चाचांना त्याच दिवशी काढून टाकलं. "उद्यापासून येऊ नका."

"चाचणी झाल्यावर येत नाही," चाचा म्हणाले.

पाहुण्यांच्या तारखेच्या आदल्या दिवशी मांडव उभा राहिला. आम्ही अकरा बाया मुख्य व्हॉल्व्हच्या चौकटीवर जाऊन बसलो. बरोबर मधोमध काशीबाई, पाय पसरून, कारण तिला मांडी घालता येत नाही. शेठ आले.

"अहो बाई, तुम्ही पाणी मागून राह्यल्या का अडवून राह्यल्या?"

"मागूनच राह्यलो," काशीबाई म्हणाली. "गळकं नाही मागत. गळकं हाय आमच्यापाशी, थे काय, उभं हाय." तिने जुन्या टाकीकडे हात केला.

"तुमच्या अशानं पाहुणे येणार नाहीत!"

"नाही तं नाही. त्याइच्या घरी नळ असंन."

पोलीस आले, त्यांनी आमची नावं लिहून घेतली. त्यातल्या एकाने हळूच विचारलं की चाचणी म्हणजे काय असते. बाजूलाच उभ्या असलेल्या चाचांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, दोरांसकट. तो इतका कंटाळला की नावांचा कागद विसरून गेला. संध्याकाळी मांडव सुटला. पाहुणे आले नाहीत.

पुढचे दिवस मी विसरणार नाही. प्लास्टर झालं, वाळलं, टाकी भरली. नोकरी गेलेला हा माणूस रोज देऊळगावहून एसटीने यायचा, उंद्रीपासून चालत यायचा आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टाकीखाली मान वर करून बसायचा. तासातासाला उठायचा, शिडीने चढायचा, आणि बुडाच्या कडेला सगळीकडून हात फिरवायचा, तापलेल्या कपाळावर फिरवावा तसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा हात एका जागी थांबला.

"इकडं ये," त्यांनी मला वर बोलावलं. भाकरीएवढा एक ओला डाग होता. पडला की नाही अशी शंका यावी इतका फिका. "हे त्या तारखेले सुटलं असतं."

शेठला निरोप गेला. शेठ आले, चढले, हात लावला, उतरले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. टाकी रिकामी केली, तो भाग आतून खरवडला, नव्याने भरला, आम्ही पुन्हा हंडे वाहिले. पुन्हा टाकी भरली. पुन्हा सात दिवस. या वेळी चाचांचा हात सातही दिवस कोरडा आला.

पाणी सुटलं तेव्हा फीत नव्हती, नारळ नव्हता. व्हॉल्व्ह मिस्त्रीने फिरवला. खालच्या घरांत आरडाओरडा झाला, मग मधल्या घरांत. मी बघितलं तर चाचा आपला लॅपटॉप पिशवीत घालून उंद्रीच्या वाटेला लागले होते.

"कुठं निघाले? शेवटच्या घराला येतं का ते नाही बघायचं?"

"येईनच. दाब हिशोबात हाय."

"हिशोबात असेल. बघायला चला."

ते घुटमळले. मग म्हणाले, "पोरी, मी कधी पाह्यलं नाही. काम संपलं का प्लॅनरले दुसऱ्या कामावर पाठोते. उभ्या जन्मात एकबी नळ चालू झालेला पाह्यला नाही म्या."

मी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि टेकाड चढायला लागले. ते मागून आले.

काशीबाईच्या अंगणातला नळ आधी फुसफुसला, थोडा गढूळ थुंकला, आणि मग मोकळा वाहायला लागला. तिने हंडा लावला. आनंद वगैरे काही नाही, एकदम तोंड सुटलं तिचं. "बारा वर्सं! बारा वर्सं गुडघे झिजवले माह्ये! ज्यानं थे जुनं बांधलं त्याच्या घरच्याले..." आणि पुढे ते सगळं, जे छापता येत नाही.

चाचांनी टोपी काढली.

"बाई," ते म्हणाले, "थे बांधलं दुसऱ्यानं. पण त्याची तारीख म्या टाकली होती."

काशीबाईची शिवी अर्ध्यावर राहिली.

"चिखलीच्या ऑफिसात बसलो होतो. शेठ म्हणे पाहुणे येऊन राह्यले, टाक तारीख. चाचणीचे चार दिवस बाकी होते. म्या खुंटा मारला. कागदावर सगळं सरळ दिसलं. टाकी कुठं हाय, कोणाची हाय, म्या पाह्यलंबी नाही. घरी जाऊन जेवलो." ते जमिनीकडे बघत होते. "चार वर्सांनं एक डाव इकडून एसटीनं जात होतो. कंडक्टर म्हणे, थे टेकाडावरची टाकी फुकट गेली. घरी बायकोले सांगतलं. थे म्हणे, जाऊन सांगून या त्या लोकाइले. आज जातो उद्या जातो करत राह्यलो. मंग थे बी गेली. सांगासारखं घरात कोणी राह्यलं नाही."

हंडा भरून वाहायला लागला होता, पाणी अंगणभर चाललं होतं आणि कोणीच नळ बंद करत नव्हतं.

काशीबाईने हंड्याकडे बोट केलं.

"उचल."

चाचांनी चष्मा खिशात ठेवला, वाकले आणि हंडा उचलला. कुठे धरायचा, कसा तोलायचा, त्यांना ठाऊक नव्हतं. दाढीवर, सदऱ्यावर पाणी सांडलं.

"कमरेवर घे बाप्पा, छातीशी नाही. हळू. उंबरा उंच हाय."

ते आत गेले. ती लंगडत त्यांच्या मागे गेली. आतून भांडी सरकल्याचा आवाज आला, मग तिचा: "तिथी नाही, चुलीजवळ. हाव, तिथी." मी पिशवी हातात धरून अंगणात उभी होते.

जरा वेळाने आतून काशीबाई ओरडली, "पोरी, पाणी काऊन वाया घालून राह्यली? दुसरा हंडा लाव. न्यायले माणूस हाय."

मी दुसरा हंडा लावला.